संजीवन सभेनंतरचे पहिले तीन महिने

बेळगाव कॅम्पातली तीन रात्रींची संजीवन सभा (विश्वास नव्याने जागा व्हावा म्हणून भरवलेली प्रार्थनासभा), केरळातलं आठवडाभराचं रिट्रीट, खानापूरकडच्या एखाद्या चर्चमधली रात्रभराची उपास-प्रार्थना, जुन्या गोव्याच्या फेस्ताआधीची नऊ दिवसांची नोव्हेना प्रार्थना, किंवा दृढीकरणाच्या मिस्सेत बिशपांनी कपाळाला तेल लावलं तो क्षण. अशा ठिकाणी काहींना देव एकदम जवळ आल्याचं जाणवतं. रडू आवरत नाही, अंग थरथरतं, कित्येक वर्षांचं ओझं उतरल्यासारखं वाटतं. ज्यांना हे पहिल्यांदाच घडलं आहे आणि आता घरी परतल्यावर काय करायचं हे कळत नाही, त्यांच्यासाठी हा लेख आहे. चर्च कोणतंही असो, कॅथलिक, मेथडिस्ट, सीएसआय (चर्च ऑफ साउथ इंडिया) की पेंटेकॉस्टल, पुढच्या पायऱ्या फारशा बदलत नाहीत.

नेहमी काय होतं ते आधी पाहू. पहिला आठवडा उत्साहात जातो. पहाटे उठणं होतं, दिवसभर भक्तिगीतं चालू असतात, भेटेल त्याला साक्ष सांगितली जाते. तिसऱ्या आठवड्यात जुना राग, जुनी बाटली, जुना खोटेपणा दारात हजर. मग अपराधी वाटू लागतं आणि माणूस पुढच्या सभेचं पत्रक शोधतो. वर्षानुवर्षं सभेमागून सभा करणारे आपल्या भागात थोडे नाहीत. त्यांच्या घरी विचारलंत तर उत्तर येतं, 'तिथून आले की चार दिवस बरं असतं.'

मार्क ४ मधल्या पेरणाऱ्याच्या दाखल्यात येशूने हेच सांगितलं आहे. खडकाळ जागेवरचं बी सगळ्यांत आधी उगवतं, कारण तिथे माती खोल नसते. जांभ्या दगडावर जिथे वीतभरच माती आहे, तिथे पहिल्या पावसाने कसं हिरवं होतं आणि पावसाने पंधरा दिवस ओढ दिली की काय होतं, हे खानापूरच्या शेतकऱ्याला सांगायला नको. अनुभव खरा असतो, देवाकडूनही असतो. पण तो हाक आहे. त्या हाकेला ओ द्यायची ती घरात, कामावर, पैशाच्या व्यवहारात. आणि भावना ओसरायच्या आत ती दिली नाही तर नंतर ती देणं फार जड जातं.

पायरी १: चोवीस तासांच्या आत कागदावर लिहा

फ्रेंच गणिती ब्लेझ पास्कल यांना २३ नोव्हेंबर १६५४ च्या रात्री सुमारे साडेदहा ते साडेबाराच्या दरम्यान असा अनुभव आला. त्यांनी तो मोजक्या शब्दांत लिहिला आणि कागद कोटाच्या अस्तरात शिवून ठेवला. १६६२ मध्ये ते वारले तेव्हा तो सापडला. तोवर त्याचा गाजावाजा त्यांनी केला नव्हता. आपणही असंच करावं.

वहीचं अर्धं पान पुरे. त्यावर चार गोष्टी लिहायच्या. तारीख आणि जागा. कोणतं वचन, गीत किंवा प्रार्थना चालू होती. आत नेमकं काय जाणवलं, साध्या शब्दांत: 'भीती गेली', 'माझ्यावर कुणाचं तरी प्रेम आहे असं वाटलं', 'वडिलांशी वागलो त्याची लाज वाटली'. चौथी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची: त्या वेळी कोणाचा चेहरा किंवा कोणती बाब डोळ्यांसमोर आली. जवळजवळ प्रत्येकाच्या बाबतीत काहीतरी येतंच, आणि दोन दिवसांत तेच आधी विसरलं जातं, कारण ते अवघड असतं.

मग खाली एक रेघ ओढा. 'मी आता गावोगाव प्रचार करणार', 'नोकरी सोडणार' असे मनात उठलेले बेत रेघेखाली लिहा. ही शिकवण संत इग्नेशियस लोयोला यांची. १५२१ मध्ये पाम्पलोनाच्या लढाईत पाय मोडून ते अंथरुणाला खिळले आणि तिथून त्यांचं आयुष्य वळलं. बेळगावात सेंट पॉल्स शाळा चालवणाऱ्या येशूसंघाचे, म्हणजे जेझुइटांचे, ते संस्थापक. ते सांगत की देवाकडून आलेला दिलासा वेगळा आणि तो ओसरताना त्या उबेत आपण स्वतः रचलेले विचार वेगळे. दुसऱ्यांत चूक असू शकते, म्हणून दोन्हींची गल्लत करायची नाही. त्यासाठी ती रेघ.

ज्या भाषेत प्रार्थना आपोआप येते त्याच भाषेत लिहा. आपल्याकडे एकाच घरात मराठी, कोकणी आणि कन्नड चालते. लिहिताना 'शुद्ध' मराठीच्या नादाला लागू नये. मोबाईलवर लिहू नका आणि स्टेटसला तर मुळीच टाकू नका. पन्नास जणांचे 'आमेन' आले की मनाला वाटतं काम झालं.

पायरी २: तीन आठवडे कोणताही मोठा निर्णय नको

दिमिष्काच्या (दमास्कसच्या) वाटेवर पौलाला प्रभू भेटला. त्यानंतर तो लगेच यरुशलेमेला प्रेषितांकडे गेला नाही. अरबस्तानात गेला, दिमिष्काला परतला आणि तीन वर्षांनी यरुशलेमेला गेला, असं तो स्वतः गलती १:१७-१८ मध्ये सांगतो. आपण किमान तीन आठवडे तरी थांबावं.

या काळात नोकरीचा राजीनामा देऊ नये, बायबल कॉलेजचा फॉर्म भरू नये, चर्च बदलू नये, लग्न ठरवू वा मोडू नये, दागिने विकून देणगी देऊ नये. सभेत कोणी स्टेजवरून 'आत्ताच आकडा बोला' म्हणाला तर 'घरी विचारून सांगतो' एवढं म्हणायला संकोच वाटू देऊ नका. जे देवाचं आहे ते तीन आठवड्यांनीही देवाचंच राहतं.

औषधांचं मात्र वेगळं आणि ठासून सांगायला हवं. आरोग्यदानाच्या प्रार्थनेनंतर साखरेची, रक्तदाबाची, थायरॉइडची, फिटची किंवा मानसिक आजाराची गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. फिटची गोळी एकदम थांबवली तर लागोपाठ झटके येऊन जीव जाऊ शकतो. इन्सुलिन बंद केलं तर काही रुग्ण दोन-तीन दिवसांत बेशुद्धीपर्यंत जातात. बरं वाटत असेल तर तपासणी करून घ्या आणि रिपोर्ट डॉक्टरांना दाखवा. कमी करायची ते ते करतील. येशूनेही बऱ्या झालेल्या कुष्ठरोग्याला याजकाकडे जाऊन स्वतःला दाखवायला सांगितलं होतं. तपासून घेण्यात विश्वास कमी पडत नाही.

झोपेकडेही लक्ष द्या. कर्मेल डोंगरावर एलीया संदेष्ट्याने स्वर्गातून अग्नी उतरताना पाहिला, आणि लगेच पुढच्या अध्यायात तो रतामाच्या झुडपाखाली मरण मागत बसला. देवदूताने त्याला उपदेश केला नाही. भाकर आणि पाणी दिलं, झोपू दिलं, पुन्हा उठवून जेवू घातलं. रात्रभराच्या प्रार्थनेनंतर किंवा तीन दिवसांच्या उपासानंतर शरीर थकलेलं असतं आणि ते थकणं मनातही उतरतं. पुढचे दोन दिवस वेळेवर जेवून झोपावं. उपास सोडताना पेज, ताक, मऊ भात असं हलकं घ्यावं. मात्र कोणी तीन-चार रात्री मुळीच झोपत नसेल, न थांबता बोलत असेल, आपल्यालाच खास निवडलंय म्हणून सगळ्यांवर ओरडत असेल, तर घरच्यांनी त्याला अभिषेक समजून सोडून देऊ नये. प्रार्थना चालू ठेवून त्याच दिवशी मानसोपचार तज्ज्ञांकडे न्यावं.

पायरी ३: पारख

१ थेस्सलनीकाकरांस ५ मध्ये पौल दोन गोष्टी एकापाठोपाठ सांगतो: आत्म्याला विझवू नका, आणि सगळ्याची पारख करा. आपल्याकडे एक गट पहिली धरतो आणि दुसरा दुसरी.

रडणं, थरथरणं, खाली पडणं, अन्य भाषा बोलणं यांतून अनुभव देवाचा आहे हे सिद्ध होत नाही आणि नाही हेही सिद्ध होत नाही. अठराव्या शतकात अमेरिकेतल्या संजीवनाच्या लाटा जवळून पाहिलेल्या जोनाथन एडवर्ड्स यांचं हेच म्हणणं होतं, आणि आजही त्यात बदल करावासा वाटत नाही. पारख करायची ती पुढच्या प्रश्नांनी. या अनुभवामुळे येशू मोठा वाटतो की तो प्रचारक? घरातल्या ज्या माणसाशी पटत नाही त्याच्याविषयी मन मऊ झालं की 'तो जगिक, मी आत्मिक' असं वाटू लागलं? जे ऐकू आलं ते पवित्र शास्त्राशी जुळतं का? आणि हे सगळं पाळकांना किंवा फादरांना सांगायला तयारी आहे का? 'त्यांना कळणार नाही' असं आतून येत असेल तर सावध व्हावं.

ज्यांना सभेत काहीच जाणवलं नाही त्यांनी स्वतःला कमी लेखू नये. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडात झाला. येशू आपला वैयक्तिक तारणारा आहे ही खात्री त्यांना काही वर्षांनी आली, आणि केडगावच्या मुक्ती मिशनमधलं संजीवन १९०५ मध्ये झालं. ते सुरू होण्याआधी काही महिने तिथल्या मुलींचा गट रोज प्रार्थनेला जमत होता, आणि नंतर त्यांच्या टोळ्या आसपासच्या गावांत सुवार्ता सांगायला जाऊ लागल्या. आधी रोजची शिस्त, मध्ये अनुभव, नंतर काम. मधला भागच सगळ्यांच्या लक्षात राहतो.

पायरी ४: एकच गोष्ट निवडा आणि ती सात दिवसांत सुरू करा

सगळा लेख विसरलात तरी ही पायरी विसरू नका.

जकातदार जक्कयाकडे पाहा, लूक १९. येशू त्याच्या घरी आला, तो आनंदाने भरून गेला, आणि उभा राहून त्याने काय म्हटलं? 'आता मी चांगला माणूस होईन' असं नाही. अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याला फसवलं त्याला चौपट परत. आकडा सांगितला, कोणाला ते सांगितलं. येशूने त्यानंतर म्हटलं की आज या घराला तारण प्राप्त झालं.

आपण सभेतून उठतो ते 'प्रभू, मला बदल' एवढं म्हणून. हे फार मोघम आहे. कागदावरची चौथी गोष्ट काढा आणि तिचं एक काम बनवा. ते काम तीन प्रश्नांतून पार पडलं पाहिजे: दुसऱ्या माणसाला ते दिसेल का, त्याला वार आणि वेळ आहे का, आणि सात दिवसांत सुरू होईल का.

'दारू सोडणार' हे या कसोटीला उतरत नाही. 'शनिवारी पगार झाला की उद्यमबागमधून थेट घरी, आणि पैसे त्याच संध्याकाळी बायकोच्या हातात' हे उतरतं. 'प्रामाणिक राहीन' ऐवजी: विड्या मोजून घेताना हजारामागे जादा विड्या खराब ठरवून छाट काढायची सवय आहे, ती येत्या सोमवारपासून बंद. 'मोबाईल कमी' ऐवजी: रात्री दहाला फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला, खोलीत नाही. 'भावाशी चांगलं वागेन' ऐवजी: रविवारी उपासनेनंतर त्याच्या घरी जायचं आणि बांधावरून जे बोललो त्याची माफी मागायची.

उसन्या पैशाचं काम असेल तर हिशोब मांडा. समजा मेहुण्याचे १८,००० रुपये तीन वर्षं राहिले आहेत आणि तुमचा पगार १४,००० आहे. एकदम देणं शक्य नाही, म्हणून टाळलं जातं. दरमहा १,५०० प्रमाणे बारा महिन्यांत फिटतात. पहिला हप्ता घेऊन स्वतः जा, बारा तारखा लिहिलेला कागद त्याला द्या. मूळ रक्कम मोठी आणि पगार कमी असेल तर ५०० ने सुरुवात करा, पण चुकवू नका. हप्ता भागवायला दुसरीकडून व्याजाने काढू नका आणि भिशी मोडू नका.

माफी कशी मागायची हेही शिकावं लागतं, कारण तिथे बहुतेकांचा पाय घसरतो. वाक्य लहान ठेवा: 'दादा, मागच्या वर्षी वाटणीच्या वेळी मी सगळ्यांसमोर तुला चोर म्हटलं. ते माझं चुकलं. मला माफ कर.' मग गप्प बसा. यात केलेली चूक नावाने आली, सबब आली नाही. 'पण तूही तेव्हा...' आलं की माफी संपली आणि भांडण सुरू झालं. 'देवाने मला माफ केलंय, आता तूही कर' हे तर बोलूच नये. समोरच्यावर ती जबरदस्ती होते. सभेची गोष्ट त्या दिवशी काढू नका. त्याने विचारलं, 'आज काय झालं तुला?' तर एका वाक्यात सांगा. तो गप्प राहिला, चिडला, दार लावून घेतलं, तरी तुमचं काम झालं. माफी मिळवणं तुमच्या हातात नाही, मागणं आहे. पंधरा दिवसांनी वाटेत भेटला तर नेहमीसारखं 'कसा आहेस' म्हणा, पुन्हा विषय काढू नका.

काही ठिकाणी एकट्याने जायचं नाही. ज्याने मारहाण केली, अत्याचार केला, त्याच्याकडे समेटासाठी जाण्याची सक्ती त्या बाईवर किंवा मुलावर कोणी करू नये. क्षमा मनात होऊ शकते आणि अंतर तरीही राखता येतं. जुन्या संबंधांची कबुली, जिच्यामुळे तिसऱ्याचा संसार मोडेल, ती आधी पापनिवेदनात फादरांकडे किंवा पाळकांकडे न्यावी. आणि कायद्याचा प्रश्न असेल, म्हणजे सोसायटीचा अपहार, खोटी सही, तर वकिलाला विचारून पुढे जावं. परतफेड करायचीच, पण नीट मार्गाने.

एकाच वेळी पाच गोष्टी धरू नका. दारू, गुटखा, मटका, राग आणि पहाटेची प्रार्थना सगळं एका सोमवारी सुरू केलं की बुधवारी सगळंच सुटतं. रोज आणि भरपूर दारू पिणाऱ्याने तर ती झटक्यात बंद करण्याआधी डॉक्टरांना भेटावंच. हात थरथरणं, भास होणं, फिट येणं असे धोके पहिल्या दोन-चार दिवसांत असतात, आणि त्यावर औषध आहे.

पायरी ५: रोजची वीस मिनिटं

सभेहून आलेला माणूस रोज दोन तास प्रार्थनेचा नेम धरतो. तो दहा दिवस टिकतो. वीस मिनिटांचा धरा आणि वर्षभर टिकवा.

दोन मिनिटं शांत बसणं. एक स्तोत्र मोठ्याने. मग मार्कच्या शुभवर्तमानातला एक अध्याय. सोळा अध्याय आहेत, म्हणजे सोळा दिवस. मग वहीत एक ओळ: आज यातलं कोणतं वाक्य माझ्या निवडलेल्या कामाला लागू पडतं? शेवटी मागणं आणि प्रभूची प्रार्थना. कॅथलिक घरात रोजरी चालू असेल तर ती सोडून हे करू नये. हे सकाळी, रोजरी संध्याकाळी.

वेळ कामाकडे पाहून ठरवा. वडगाव-खासबागेतल्या मागावर सकाळी लवकर बसायचं असेल तर त्याआधी. उद्यमबागेत रात्रपाळी असेल तर घरी येऊन झोपण्यापूर्वी, आंघोळीनंतर. रोप लावणीच्या दिवसांत पाठ मोडलेली असते. तेव्हा नेम दहा मिनिटांवर आणा, पण बंद करू नका. उसाच्या गळीत हंगामात चिकोडी-निपाणीकडे तेच. एक दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट करून भरपाई करू नका. तसं केलं की नेम शिक्षेसारखा वाटू लागतो.

मुलं कन्नड किंवा इंग्रजी माध्यमात शिकतात आणि मराठी बायबल त्यांना वाचता येत नाही, ही आपल्या भागातली खरी अडचण आहे. त्यांना मोठ्याने वाचून दाखवा, आणि त्यांना त्यांच्या भाषेतलं तेच वचन वाचायला सांगा. गाणं मात्र मराठीत सहज उतरतं. नारायण वामन टिळकांचे अभंग ज्या घरात गायले जातात तिथे लहान मुलं ते अर्थासकट उचलतात.

रात्री झोपताना पाच मिनिटं दिवसाचा आढावा: आज देवाने कुठे हात दिला, ठरवलेलं काम केलं का, उद्या ते कुठे अडखळेल. 'उद्या पगार आहे, अमुक मित्र गेटवर उभा राहील' हे आदल्या रात्री लक्षात आलं तर दुसऱ्या गेटने जाता येतं.

पायरी ६: तीन ते पाच माणसं

२४ मे १७३८ ला संध्याकाळी पावणेनऊच्या सुमारास लंडनच्या आल्डर्सगेट रस्त्यावरच्या एका छोट्या सभेत मेथडिस्ट चळवळीचे प्रवर्तक जॉन वेस्ली यांना आपलं अंतःकरण विलक्षण उबदार झाल्याचं जाणवलं. मेथडिस्ट लोक हा दिवस आठवतात. पण मेथडिस्ट चळवळ टिकली ती पुढच्या एका साध्या व्यवस्थेमुळे. १७४२ मध्ये ब्रिस्टलच्या सभागृहाचं कर्ज फेडायला दर माणशी आठवड्याला एक पेनी गोळा करायचं ठरलं. साधारण बारा जणांमागे एक जण घरोघर जाऊ लागला, आणि पैसे घेताना लोक आपलं बरं-वाईट सांगू लागले. त्यातून दर आठवड्याला भेटणारे छोटे वर्ग उभे राहिले. ज्या गावात वर्ग नाही तिथे नुसता उपदेश करून लोक टिकत नाहीत, हे वेस्लींनी पुन्हा पुन्हा पाहिलं. बेळगावात १८२० साली लंडन मिशनने सुरू केलेलं काम पुढे मेथडिस्टांकडेच आलं, तेव्हा ही पद्धत आपल्याला परकी नाही.

पुरुषांनी पुरुषांबरोबर, बायकांनी बायकांबरोबर, तीन ते पाच जण, आठवड्यातून एकदा, एक तास. पहिली दहा मिनिटं स्तोत्र आणि प्रार्थना. मग प्रत्येकाला आठ-दहा मिनिटं, प्रश्न एकच: 'ठरवलेल्या कामाचं या आठवड्यात काय झालं?' ऐकणाऱ्यांनी उपदेश करू नये. शेवटी एकमेकांचं नाव घेऊन प्रार्थना. चहा नंतर, आणि साधा. पोह्यांपासून सुरू होऊन जेवणावळीपर्यंत गेलं की ज्याच्या घरी परवडत नाही तो येणं बंद करतो.

असे गट मोडतात ते ठरावीक कारणांनी. कोणीतरी बोलका माणूस दर वेळी प्रवचन देतो. किंवा तिथलं बोलणं बाहेर फुटतं. एकदा फुटलं की परत कोणी खरं बोलत नाही. किंवा सदस्य एकमेकांकडून पैसे उसने घेतात. पहिल्याच दिवशी तीन नियम मोठ्याने म्हणून घ्या: इथलं इथेच, उपदेश नाही, उसनवार नाही. कणकुंबी-जांबोटीकडच्या वाड्यांतून पावसात भेटणं होत नाही. तिथे ठरलेल्या वारी रात्री आठला दहा मिनिटांचा फोन. कॅथलिकांनी याच्या जोडीला महिन्यातून एकदा पापनिवेदन ठेवावं, शक्यतो एकाच फादरांकडे, म्हणजे त्यांना तुमची वाटचाल कळते.

पायरी ७: कोरडे दिवस येतील तेव्हा

साधारण तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात प्रार्थना फिकी वाटू लागते. शब्द येतात पण आत काही हलत नाही. इथेच बहुतेक जण समजतात की देव गेला, किंवा मुळात काही घडलंच नव्हतं. आल्डर्सगेटनंतर आठ महिनेही झाले नव्हते तेव्हा, जानेवारी १७३९ मध्ये, वेस्लींनी स्वतःच्या रोजनिशीत आपण ख्रिस्ती नाही असं लिहिलं होतं. पुढे पन्नास वर्षं ते सेवा करत राहिले.

इग्नेशियस यांचा नियम इथे तारतो: मन कोरडं असताना आधीचा निर्णय बदलायचा नाही. उजेडात ठरवलं ते अंधारात मोडायचं नाही. उलट वीस मिनिटं होती ती बावीस करा. मग कारण शोधा. झोप, जेवण, आजारपण आधी. त्यानंतर विचारा: ठरवलेलं काम गुपचूप सोडलं आहे का? सोडलं असेल तर कोरडेपणाचं कारण सापडलं. दोन्ही ठीक असेल तर धीर धरा. गोडी नसतानाही हजर राहायला देव शिकवतो आहे, आणि हे शिक्षण सभेत मिळत नाही.

पडलात, म्हणजे प्यायलात, मटका लावलात, हात उगारलात, तर चोवीस तासांत गटातल्या एकाला फोन करा आणि दुसऱ्या दिवशी तोच नेम चालू ठेवा. शिष्य पेत्राने येशूला तीनदा नाकारलं. येशूने त्याला तीनदा प्रीतीविषयी विचारून तेच काम पुन्हा हातात दिलं. हात उगारला असेल तर मात्र घरातल्या माणसाची सुरक्षितता आधी. त्या रात्री दुसरीकडे झोपा आणि पाळकांना कळवा.

पायरी ८: घरात आणि गावात

ज्यांचं घर ख्रिस्ती नाही त्यांच्यासाठी हे जास्त महत्त्वाचं. गावच्या यात्रेच्या तोंडावर घरातल्या देव्हाऱ्याविषयी टोचून बोललं की येशूचं नाव कायमचं कडवट होतं. काय करता येईल आणि काय नाही हे शांतपणे, वेळेआधी सांगा: 'आई, पूजेला मी बसणार नाही, पण पाहुण्यांचं पाणी, स्वयंपाक, भांडी सगळं मी बघते.' आणि ते खरंच करा. पेत्राच्या पहिल्या पत्राचा तिसरा अध्याय विश्वासणाऱ्या बायकांना सांगतो की शब्दांवाचून, वागण्याने नवरा जिंकला जाऊ शकतो. नवऱ्यांनाही हे तितकंच लागू आहे.

स्टेजवर साक्ष द्यायची घाई करू नका. निदान तीन महिने जाऊ द्या, आणि आधी घरच्यांना ती वाचून दाखवा. जुनं पाप रंगवून सांगण्याचा मोह होतो, कारण लोक त्यालाच टाळ्या देतात. बायको किंवा आई जे ऐकून 'हो, असंच झालं' म्हणेल तेवढंच सांगा. १ तीमथ्य ३ नवशिक्याला अध्यक्षपद देऊ नये म्हणतो. तेच माईकबद्दल समजावं.

पायरी ९: तीन महिन्यांनी विचारा

स्वतःला नाही, घरच्यांना. गलती ५:२२-२३ मधली आत्म्याची फळं नऊ आहेत: प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, ममता, चांगुलपणा, विश्वासूपणा, सौम्यता, इंद्रियदमन. यांतली बहुतेक दुसऱ्यालाच दिसतात. नवऱ्याला, बायकोला, मोठ्या मुलाला विचारा: 'गेल्या तीन महिन्यांत माझ्यात काही फरक वाटला का?' आणि उत्तर येईपर्यंत, आणि आल्यावरही, गप्प राहा. 'राग आहे तसाच आहे' असं आलं तर पुढचं काम कळलं. ते लिहून घ्या आणि गटात ठेवा.

सभा भरवणाऱ्या मंडळीने काय करावं

ही जबाबदारी नव्या माणसावर एकट्यावर टाकणं अन्याय आहे. मंडपाच्या आणि साउंडच्या खर्चाची बैठक जितक्या गांभीर्याने होते, तितकीच नंतरच्या तीन महिन्यांची व्हावी. सभेआधीच दर पाच अपेक्षित नव्या माणसांमागे एक अनुभवी विश्वासणारा नेमा. शेवटच्या रात्री प्रार्थनेला पुढे आलेल्यांची नोंद घेताना नाव, गाव, मोबाईल, मराठी-कन्नड-कोकणीपैकी कोणती भाषा सोपी, कोणत्या पाळीला काम, आणि फोन करायला कोणती वेळ सोयीची एवढं विचारा. ज्यांना नाव द्यायचं नाही त्यांना आग्रह करू नका, आणि ही यादी व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नका. बायकांना फोन बायकांनीच करावा. पहिला फोन ४८ तासांत, पहिली भेट आठवडाभरात, शक्यतो त्यांच्या घरी, आणि भेटीत विचारायचं ते एवढंच: 'कागदावर काय लिहिलंत, आणि त्यात आमची काय मदत होईल?'